कुंभकोणमच्या भजनात सुरुवात कोणी करायची

कुंभकोणमला पुन्हा जायचं ठरवून मी फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात कळलं की ज्यांना ऐकायला जायचं होतं ते आता नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मी आणि हे, म्हणजे माझे यजमान, देवळं बघत तिकडे फिरलो होतो. एका संध्याकाळी रस्ता चुकून एका अरुंद गल्लीत शिरलो, तर एका कौलारू दालनातून अभंग ऐकू आला. मराठी अभंग! तंजावरच्या बाजूला तीनशे वर्षांपूर्वी जाऊन राहिलेली मराठी कुटुंबं आहेत हे पुस्तकात वाचलं होतं. त्यांच्या दारात आपण उभे आहोत हे कळायला जरा वेळ लागला. आत दोन भाऊ गात होते. थोरले सेतुराव ओळ म्हणायचे, धाकटे पांडुराव आणि त्यांच्या मागून सगळे ती झेलायचे. मी पर्समधून फोन काढून एक तास दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. निघताना पांडुरावांनी आपल्या दुकानाचा नंबर दिला.

पुढे यांचं डायलिसिस सुरू झालं. बार्शीहून सोलापूर, आठवड्यातून दोन खेपा, इस्पितळाचं लोखंडी बाक, आणि माझ्या कानात ते रेकॉर्डिंग. देवाधर्माची मी फारशी नाही, पण त्या एक तास दहा मिनिटांनी मला वेड लागू दिलं नाही. आषाढात हे गेले. घरात भांडं पडलं तरी दचकावं इतकी शांतता झाली. मुलगी म्हणाली, ‘आई, कुठेतरी जाऊन ये.’ मला दुसरं कुठलंच नाव सुचलं नाही.

फोन पांडुरावांनी उचलला. ‘अण्णा गेले हो, बाई. फाल्गुनांत. तुम्हांस कळविणार तरी कोण? पण या. घर आहे, आम्ही आहों. वद्य एकादशीस भजन पुन्हां लावावयाचें म्हणतों.’

त्यांची मराठी अशीच आहे. जुन्या पत्रांत वाचावी तशी, फक्त हेल तमिळ. पहिल्यांदा ऐकून हसू येतं, दुसऱ्यांदा आपल्याच बोलण्याची लाज वाटते.

आता जाण्याचं. सोलापूरहून चेन्नईपर्यंत रेल्वे, तिथे एक मुक्काम आणि एग्मोर स्थानकावरून सकाळची गाडी. साडेपाच-सहा तास लागतात. तिकीट महिनाभर आधी काढा, नाहीतर माझ्यासारखं शौचालयाशेजारचं आसन मिळेल. नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस असतो. चिदंबरमनंतर दोन्हीकडे भातखाचरांत पाणी भरलेलं होतं आणि वर तसंच राखाडी आभाळ. गेल्या वेळी याच खिडकीतून हे मला बगळे मोजून दाखवत होते. मी बाहेर बघायचं बंद केलं.

महामहम तलावाजवळ खोली घेतली. अकराशे रुपये रोज, स्वच्छ, फक्त गादीला दमट वास. खाली उतरलं की कॉफी. पितळी पेल्यात येते, पंचवीस रुपये, आणि तिच्यासाठी माणूस आजार विसरतो. इडलीबरोबर इथे ‘कडप्पा’ मिळतो का विचारा: बटाटा आणि मूगडाळीची पातळ, बडीशेपेच्या वासाची भाजी. काही ठिकाणी ती ठरावीक वारीच करतात. मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली.

पहिल्या संध्याकाळी एका लहान देवळात नादस्वर, म्हणजे तिकडची लांब सनई, ऐकला. मोठ्या देवळांत गर्दीचा गलका असतो, तिथे जाऊ नका. गल्लीतल्या देवळात साडेसहाच्या पूजेला जा. ओवरीत आम्ही सात श्रोते होतो, त्यातले एक आजोबा खांबाला टेकून झोपलेले. तविल, म्हणजे तिकडचा ढोल, वाजवणाऱ्याने बोटांवर खळीने कडक केलेल्या कापडी टोप्या चढवल्या आणि असा काही घाव घातला की आजोबा उठून बसले. नादस्वरवाला साठीचा असेल. त्याने एकच राग अर्धा तास आळवला. इतका सुंदर की मी थाळीत ठेवायच्या नोटेचा हातात चोळामोळा केला. वाजवून झाल्यावर त्याने वाद्य पुसलं, पिशवीत घातलं आणि शेजाऱ्याला बसची वेळ विचारली. कोणी वा म्हटलं नाही. मीही नाही, कारण तमिळमध्ये वा कसं म्हणतात ते मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडुरावांच्या दुकानात गेले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, चार माणसं उभी राहिली की भरतं. अडुसष्ट वर्षांचे, बारीक, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. मला बघताच म्हणाले, ‘यजमान कोठें?’ मी सांगितलं. त्यांनी हातातली चष्म्याची काडी खाली ठेवली. मग ते म्हणाले, ‘सरि, बरें. चला. इन्नंबुरास दोन चष्मे द्यावयाचे आहेत, वाटेंत गांव पाहाल.’

तर मी छप्पन्नाव्या वर्षी एका परक्या गृहस्थाच्या स्कूटरवर मागे बसून तंजावर जिल्हा पाहिला. बार्शीत कोणी पाहिलं असतं तर आठवडाभराच्या गप्पांची सोय झाली असती! रस्ता स्वामिमलैवरून जातो, बरा आहे, पण खाचरांच्या बाजूने चिखल असतो. पांडुराव ताशी तीसच्या वर जात नाहीत. आणि त्यांच्या हेल्मेटातून काहीतरी ऐकू येत होतं. आधी वाटलं माझ्याशी बोलताहेत. मग कळलं, ते गात होते. एकाच अभंगाची पहिली ओळ. सुरू करायचे, मध्येच सोडायचे, परत खालच्या पट्टीत सुरू करायचे, परत सोडायचे. थोडं थांबून मग एकदा ती ओळ नीट लागली आणि पुढे वाहत गेली. गाव येईपर्यंत मी श्वास धरून ऐकलं. उतरल्यावर विचारलं तर लाजले.

‘शिकतों आहें,’ म्हणाले.

‘तुम्ही? तुम्हाला तर सगळे पाठ आहेत.’

‘पाठ आहेत, बाई. पण आरंभ कधीं केला नाहीं. आरंभ अण्णांचा.’

मग इन्नंबूरच्या देवळासमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्याकडे भजनाची रीत ठरलेली. मरुदानल्लूरच्या बाजूला हीच रीत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली. आधी मंगलाची पदं, मग गुरूंची, मग संस्कृत, तेलुगू, कानडी, तमिळ, मग अभंग आणि शेवटी समईभोवती फेर. पण कुठलं पद, कुठल्या रागात, कुठल्या पट्टीत, हे फक्त पुढे बसणारा ठरवतो. तो ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. सेतुरावांनी लग्न केलं नाही, कॉलेजात गणित शिकवलं आणि बेचाळीस वर्षं ओळ टाकली. पांडुरावांनी बेचाळीस वर्षं ती उचलली. हजारभर पदं त्यांच्या गळ्यात आहेत, पण प्रत्येक कुणीतरी आधी म्हटल्यानंतरचं.

‘अण्णा गेल्यावर भजन बंद. आठ महिने. दालन आमच्या चुलत्यांच्या नांवें आहे, ते चेन्नईस. त्यांनीं सांगितलें, ह्या कार्तिकांत भजन झालें तर राहूं दे, न झालें तर भाड्यास देतों. संगणकाचे वर्गवाले मागत आहेत.’

‘मग उद्या तुम्हीच सुरुवात करणार.’

‘मीच. दुसरें कोण आहे?’ असं म्हणून त्यांनी चहाचा पेला उलटा करून शेवटचा थेंब सांडला आणि तो पेला उगाच पुसत बसले.

परत येताना सुंदरपेरुमाळ कोयिलच्या स्टेशनजवळ त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं, तिथे जेवलो. लहानसं कार्यालय, एका टोकाला वाद्यवृंद. जुनी तमिळ सिनेमागीतं. गाणारी बाई पन्नाशीची, जरीची साडी, गळ्यात मफलर. आवाज असा की जेवणारे थांबायला हवे होते. पण पंगत केळीच्या पानावरच्या रसममध्ये बुडालेली. एक माणूस मध्येच जाऊन तिला म्हणाला, आवाज कमी करा, फोनवर बोलता येत नाही. तिने कमी केला आणि हसून पुढचं कडवं घेतलं. पांडुराव मात्र पान पुढ्यात तसंच ठेवून तिच्याकडे बघत होते. ‘कशी धरिते पाहा,’ म्हणाले, ‘कोणी ऐको, न ऐको.’ त्यांच्या चेहऱ्यावर सरळसरळ हेवा होता.

एकादशीला दिवसभर पावसाची बुरबुर. संध्याकाळी साडेपाचला दालनात पोचले. पांडुरावांच्या पत्नी जानकीबाई समया पुसत होत्या. मला बघून त्यांनी कडकडून मिठी मारली आणि माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघून काहीच विचारलं नाही. नवऱ्याने सांगितलं असणार. ‘अम्मा, येथें बैस, माझ्याजोळ,’ म्हणाल्या. बायका भिंतीकडेला बसतात, पुरुष समईसमोर. एकूण चौदा माणसं. मृदंगावर कण्णन, तिशीतला, बँकेत आहे, नोकरीची दोन वर्षं नागपुरात काढल्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलतो. तंबोऱ्यासारखा सूर धरणारा श्रुतीचा डबा सुरू झाला. समईसमोर एक चटई मोकळी, आणि तिच्या डाव्या बाजूला आपल्या नेहमीच्या जागी पांडुराव, हातात झांजा.

‘पुढे बसा,’ कण्णन तमिळमध्ये म्हणाला असावा. दोघा-तिघांनी आग्रह केला. पांडुराव सरकले, पण चटईवर नाही, चटईच्या कडेवर.

त्यांनी सुरुवात केली. पट्टी वर लागली. पहिली ओळ कशीबशी निभावली आणि ती उचलायची वेळ आली तेव्हा जे झालं ते कोणाच्याच लक्षात आधी आलं नव्हतं. ओळ उचलणाऱ्यांत पहिला आणि दणदणीत आवाज नेहमी पांडुरावांचाच. बाकीचे त्यांच्या आधाराने गायचे. आता ती जागाच रिकामी. बारा माणसं पुटपुटली, ओळ जमिनीवर पडली. पांडुरावांनी वळून डावीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

‘परवा नाहीं, असूं दे,’ जानकीबाई माझ्या शेजारी हळूच म्हणाल्या, आपल्याशीच.

पांडुरावांनी पट्टी खाली घेतली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी अर्ध्या ओळीतच आवाज फाटला. ते थांबले. डोळे मिटले. घामाचा ओघळ कानामागून कॉलरमध्ये गेला. कण्णनने मृदंगावर हात नुसते ठेवले. कोणी खोकलं. बाहेर पन्हाळीचं पाणी बादलीत पडत होतं.

आता मी जे केलं ते लिहिते. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. मुलगा कविता म्हणताना अडखळला की पुढचा शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडायचाच. साहेबांनी तपासणीत दोनदा शेरा मारला होता की बाई मुलांना थांबू देत नाहीत. त्याचा मला राग यायचा. आपण मदत करतो, त्यात वाईट काय?

मी पर्समधून फोन काढला आणि मोठ्याने म्हणाले, ‘माझ्याकडे सेतुराव आहेत.’

कण्णनला काय ते लगेच कळलं. त्याने उडी मारून फोन घेतला, कोपऱ्यातल्या स्पीकरला जोडला. खरखर झाली आणि सेतुरावांचा आवाज आला. तोच, थोडा नाकातला, गणिताच्या मास्तरासारखा ठाम. ओळ पडली. आणि त्या चौदा माणसांत एकदम जीव आला! समोरची म्हातारी हमसून रडायला लागली. कण्णन रडत रडत वाजवायला लागला. सगळ्यांनी ओळ उचलली. पांडुराव चटईच्या कडेवरून सरकून आपल्या जुन्या जागी गेले आणि गाऊ लागले, मोकळ्या गळ्याने. मला धन्य धन्य वाटत होतं. ज्याने मला इस्पितळाच्या बाकावर तारलं, त्याने या माणसांनाही तारलं, असं मनात आलं. मीही रडले.

तिसऱ्या पदाच्या सुमारास मला काहीतरी खटकलं. स्पीकरमधून सेतुराव ओळ टाकत होते आणि स्पीकरमधूनच पांडुराव ती उचलत होते. तीन वर्षांपूर्वीचे पांडुराव, भावाशेजारी बसलेले, निर्धास्त. आजचे पांडुराव त्यांच्या केसभर मागे पडत होते. चौथ्या पदाला ते नुसत्या झांजा वाजवू लागले. पाचव्याला झांजाही मांडीवर. ओळ उचलली जातच होती, एकदम बरोबर.

एक तास दहा मिनिटं झाली, आरती झाली. प्रसादाचा पहिला द्रोण मला दिला. कण्णन म्हणाला, ‘मॅडम, आपने हमारा भजन बचाया.’ त्याने फाईल आपल्या फोनवर घेतली, आणखी दोघांनी घेतली. चेन्नईच्या चुलत्यांना तिथल्या तिथे व्हिडिओ गेला आणि त्यांचं उत्तरही आलं: हात जोडलेली चित्रं, ओळीने सहा.

पांडुराव माझ्यासमोर आले, नमस्कार केला. ‘अण्णा आले,’ म्हणाले. त्यांचे डोळे कोरडे होते.

जानकीबाई मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या. छत्री एकच होती, म्हणून आम्ही खांद्याला खांदा लावून चाललो. रिक्षात बसल्यावर त्या वाकून म्हणाल्या, ‘रागें भरूं नको, अम्मा. चांगल्यासाठींच केलेंस. पण अणीक थोडें राहावयाचें होतें. दोन वेळां चुकतें त्यांचें. तिसऱ्यानें लागतें. घरीं, स्कूटरवर, नेहमीं तिसऱ्यानेंच.’

मला आदल्या सकाळचा रस्ता आठवला. मी स्वतः ऐकलं होतं. दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा लागलं. माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि तरी मला धीर धरवला नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच. रिक्षावाल्याने ऐंशी रुपये मागितले, मी शंभर देऊन सुटे न घेताच उतरले, कारण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही.

बार्शीला येऊन आता अडीच महिने झाले. लिहायचं टाळत होते. कण्णनचे निरोप येतात. भजन दर एकादशीला होतं. माणसं वाढली आहेत, तीस-पस्तीस जमतात. सेतुरावांचे जुने विद्यार्थी तंजावरहून येतात. दालन भाड्याने दिलं नाही. चुलत्यांनी नवा स्पीकर पाठवला. मूळ फाईल पाठवा, आवाज आणखी स्वच्छ करून घेतो, असंही कण्णनने लिहिलं. मी पाठवली. न पाठवून काय होणार होतं? त्यांच्याकडे ती आहेच. तुम्हाला जायचं असेल तर एकादशीला सहाच्या आत पोचा. कोणालाही बसू देतात, पैसे मागत नाहीत. गाणं उत्तम आहे. हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगते.

माझ्या फोनमधलं ते रेकॉर्डिंग मी त्यानंतर ऐकलेलं नाही. संध्याकाळी स्वयंपाक करताना हात सवयीने तिकडे जातो आणि मागे येतो. मुलगी विचारते, जाऊन बरं वाटलं का. मी हो म्हणते.

गेल्या एकादशीला न राहवून दुकानाच्या नंबरावर फोन केला. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, म्हणजे तो कोणी उचलायलाच नको होता. पांडुरावांनी पहिल्या घंटेला उचलला.

‘तुम्ही दुकानात? आज भजन ना?’

‘होतें आहे कीं. कण्णन पाहतो सगळें.’

‘पांडुराव, तुम्ही जा. ते बंद करायला सांगा आणि सुरुवात करा. दोनदा चुकलं तर चुकू दे. मी चुकले त्या दिवशी. मी थांबायला हवं होतं.’

मागे रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत होता. मग ते म्हणाले, अगदी समजूत घालावी तसे, ‘छे, बाई. वाईट काय त्यांत? अण्णा आहेत. मीहि आहें. आणि तेथें मी फार बरा गातों.’

आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.